या आठवड्याचं पान आणि पहिली वही

गुरुवारी रात्री साडेआठला घंटा वाजते, पावणेदहाला पुन्हा वाजते. मधल्या सव्वा तासात जे घडतं ते शनिवारी रात्रीपर्यंत चार पानांत बसवायचं असतं. जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातला आमचा रोटरी क्लब साठी ओलांडून पुढे गेला आहे. त्याची साप्ताहिक पत्रिका काढणं आणि त्याच पत्रिकेत ‘जुनं पान’ या सदरात क्लबच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास क्रमानं लावणं, ही दोन्ही कामं आम्हा तिघांकडे एकाच जुलैत आली. आधी ती वेगवेगळी वाटली. दोन महिन्यांत लक्षात आलं की जुन्या वहीत आपण जे शोधतो आणि सापडत नाही, तेच या आठवड्याच्या पानात लिहून ठेवायला हवं. पुढचं सगळं त्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे. ज्या क्लबांना हे करायचंय त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून बारकाव्यांसह लिहितो आहोत.

सभेचा क्रम सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखाच. सार्जंट-ॲट-आर्म्स, म्हणजे सभेची व्यवस्था पाहणारे सभासद, सभा सुरू करून देतात, अध्यक्ष कॉलर घालतात, घंटा, राष्ट्रगीत, फोर-वे टेस्ट (रोटेरियननं स्वतःला विचारायचे चार प्रश्न), पाहुण्यांची ओळख, वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरींच्या घोषणा, वक्त्याची ओळख, भाषण, दोन-चार प्रश्न, आभार, घंटा, मग जेवण. पत्रिकेसाठी लिहून घेणाऱ्यानं दाराजवळ बसावं, पुढे नाही. कोण आलं, कोण लवकर गेलं, हे दाराजवळूनच दिसतं. हजेरीचं रजिस्टरही तिथंच असतं.

हजेरीची टक्केवारी हा पत्रिकेतला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त चुकणारा आकडा. समजा सभासद ४२, त्यातले दोघं हजेरीतून सूट मिळालेले आणि त्या दिवशी न आलेले. भाजक ४० धरायचा. हजर २४, मेक-अप केलेले, म्हणजे चुकलेल्या सभेऐवजी दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन आलेले, ३, म्हणजे २७ भागिले ४०, साडेसदुसष्ट टक्के. चूक कुठे होते? एक म्हणजे दुसऱ्या क्लबातून आलेले रोटेरियन आपल्या हजेरीत धरले जातात. त्यांची हजेरी त्यांच्या क्लबात लागते, आपण फक्त मेक-अप कार्ड सही करून द्यायचं. दुसरं, सूट असलेला सभासद आला तर त्याला वर धरतात आणि खाली धरायला विसरतात. आला तर दोन्हीकडे धरायचा. तिसरं, सभासदांच्या पत्नी किंवा पती आणि पाहुणे मोजून ‘उपस्थिती ५५’ असं छापलं जातं. त्या आकड्याला पुढे काहीच अर्थ राहत नाही. म्हणून आम्ही चार आकडे वेगळे छापतो: सभासद, मेक-अप, इतर क्लबचे रोटेरियन, पाहुणे. एकाच ओळीत बसतात.

पूर्वी चुकलेल्या सभेचा मेक-अप त्या सभेच्या आधी किंवा नंतर १४ दिवसांच्या आत करावा लागे. त्यामुळे जुन्या फायलींत भुसावळ, जळगाव, धुळे, पार नागपूरपर्यंतच्या क्लबांची मेक-अप कार्डं सापडतात. ती टाकून देऊ नयेत. कापसाचा कोण व्यापारी कोणत्या आठवड्यात कुठे होता, हे त्या कार्डांवरून कळतं, आणि क्लबाक्लबांतलं येणं-जाणं कसं होतं तेही. २०१६ नंतर सभांचे नियम बरेच सैल झाले, महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. आमचा क्लब अजून दर गुरुवारी भरतो.

भाषणाची नोंद घेताना एक वाक्य आम्ही आमच्यापुरतं बंद केलं आहे: ‘वक्त्यांनी मौलिक मार्गदर्शन केले.’ पहिल्या दहा वर्षांच्या पत्रिकांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की त्या त्या संध्याकाळी गावात काय बोललं गेलं याचा काही माग राहिलेला नाही. आता वक्त्याचं पूर्ण नाव, गाव, काम, विषय, आणि त्यांनी सांगितलेल्या तीन ठोस गोष्टी एवढं लिहितो. केळीवरचं भाषण असेल तर ‘केळी लागवडीवर माहिती दिली’ याला किंमत नाही. ‘पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी सुमारे १,७४० झाडं बसतात, करप्याचे डाग दिसताच पानाचा तेवढा भाग कापून बागेबाहेर नेऊन जाळावा’ हे लिहिलं तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्या वेळची शेती दिसेल. आकडे असतील तर जेवणाच्या वेळी वक्त्यांना वही दाखवून तिथेच तपासून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी फोनवर ‘हो, तसंच काहीतरी’ असं उत्तर येतं.

घोषणांमध्ये पैसा आणि माणूस या दोन गोष्टी लिहायच्याच. ‘शाळेला बाके देण्याचे ठरले’ एवढ्यावर थांबायचं नाही. किती बाकं, कोणत्या शाळेला, अंदाजे खर्च किती, पैसा क्लबच्या खात्यातून की ट्रस्टच्या, आणि जबाबदारी कोणाची. आणखी एक गोष्ट नव्या संपादकाला माहीत नसते: खरे निर्णय साप्ताहिक सभेत होत नाहीत, ते महिन्याच्या संचालक मंडळाच्या बैठकीत होतात. साप्ताहिक सभेत ते फक्त जाहीर होतात. म्हणून पत्रिकेत निर्णय छापताना बोर्ड मीटिंगची तारीख शेजारी द्यावी. इतिहास लिहितानाही दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. एकट्या साप्ताहिक वहीवरून लिहिलेला इतिहास हारतुऱ्यांचा होतो. काय नाकारलं, कशावर वाद झाला, कोणत्या कामाला पैसा कमी पडला, हे बोर्डाच्या वहीत असतं.

उपक्रमांचे आकडे हा स्वतंत्र विषय आहे. ‘लाभार्थी’ या शब्दानं सगळा घोटाळा होतो. नेत्रशिबिरात नोंदणी, तपासणी, शस्त्रक्रियेसाठी निवड, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया आणि फेरतपासणीला आलेले, हे पाच वेगळे आकडे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात. कोणाची साखर वाढलेली निघते, कोणाचा रक्तदाब, कोणाला मोतीबिंदू नसून काचबिंदू असतो, कोणाच्या घरी कापूस वेचणी चालू असते म्हणून तो येतच नाही. सगळे मिळून ‘लाभार्थी’ म्हटलं की शिबिर मोठं दिसतं. पण पुढच्या वर्षी खाटा किती लागतील, ड्रॉप किती मागवायचे, काळे चष्मे किती, याचा हिशेब त्या आकड्यावरून करता येत नाही. जुन्या पत्रिका वाचताना आणखी एक खाचखळगा: डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत शिबिरांत रुळण्याआधी मोतीबिंदू काढून टाकत आणि साधारण सहा आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा देत. त्यामुळे एकाच शिबिराची बातमी दोनदा येते, एकदा शस्त्रक्रियेची आणि एकदा ‘चष्मे वाटप समारंभा’ची. या दोन बातम्या म्हणजे दोन शिबिरं, असं धरून बेरीज केली की आकडा दुप्पट होतो. आमच्या एका स्मरणिकेत तो तसा झालेला होता, तो आम्ही ‘जुनं पान’मध्ये दुरुस्त केला.

रक्तदानातही तेच. नाव नोंदवणारा प्रत्येक जण रक्त देऊ शकत नाही. वजन ४५ किलोच्या खाली, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, मागच्या रक्तदानाला पुरुषाचे तीन किंवा बाईचे चार महिने झालेले नाहीत, अशी माणसं परत जातात. पत्रिकेत नोंदणी आणि पिशव्या हे दोन आकडे वेगळे द्यावेत आणि परत गेलेल्यांचं कारणही मोजावं. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेलेल्या कॉलेजच्या मुलींचा आकडा सलग तीन वर्षं छापला, तेव्हा पुढचा उपक्रम कोणता घ्यायचा हे बोर्डाला वेगळं सांगावं लागलं नाही. झाडांचं तर लावलेल्या दिवशी छापूच नये. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. जुलैत लावलेल्या रोपांतली पुढच्या जूनमध्ये किती उभी आहेत, तो आकडा खरा. आम्ही तो दर जूनच्या शेवटच्या अंकात देतो, लावलेल्या संख्येच्या शेजारी.

पाणपोईचा हिशेब मात्र जुन्या लोकांनी आमच्यापेक्षा चांगला ठेवला होता. गुढीपाडव्याला सुरू, पहिल्या पावसाला बंद. रांजण किती, फुटले किती, खालच्या वाळूची गाडी, वरचं तट्ट्याचं छप्पर, पाणी भरणाऱ्या बाईचा महिन्याचा पगार, ओगराळं चोरीला गेलं म्हणून साखळीसह नवं घेतलं, असं सगळं ओळीनं लिहिलेलं. इतक्या नोंदींवरून आजही तशीच पाणपोई उभी करता येईल.

शुक्रवारी मजकूर, शनिवारी दुपारी तपासणी, रात्री पत्रिका फोनवरच्या गटावर. ए-फोर कागद मधून दुमडून चार पानं. पहिल्या पानावर पुढच्या सभेची माहिती, कारण ती लोकांना आधी हवी असते. दुसऱ्यावर मागच्या सभेचा वृत्तांत. तिसऱ्यावर उपक्रम आणि हिशेब. चौथ्यावर ‘जुनं पान’. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करायचा. तपासणी दोघांनी करायची, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ टिपणावर बोट ठेवायचं. नावं, आकडे आणि तारखा यांवर तिसरी नजर. गटावर सगळ्यांना मिळत असली तरी बारा प्रती लेझर प्रिंटरवर छापून घेतो. इंकजेटची शाई पावसाळ्यात पसरते. सहा प्रती फायलीत, दोन गावच्या वाचनालयात, बाकीच्या ज्यांना फोनवर वाचता येत नाही त्या ज्येष्ठ सभासदांना. ३० जूनला रोटरी वर्ष संपलं की सगळे अंक एकत्र शिवून घ्यायचे. बाइंडरला आधीच सांगायचं की कडा कापताना पानावरचे आकडे उडवू नका.

आता पहिली वही.

क्लबला स्वतःचं कार्यालय नव्हतं, तेव्हा दफ्तर सेक्रेटरीच्या घरी राहायचं आणि दर १ जुलैला नव्या सेक्रेटरीकडे जायचं. ते ‘जायचं’ हे कागदोपत्री. प्रत्यक्षात चालू वर्षाची फाईल जायची आणि मागची तिथेच माळ्यावर राहायची. म्हणून शोध सुरू करायचा तो माजी सेक्रेटरींच्या यादीपासून. यादी अध्यक्षांच्या फलकावर नसते. फलकावर बहुधा अध्यक्षच असतात, सेक्रेटरींची नावं जुन्या लेटरहेडवर आणि इतिवृत्ताखालच्या सह्यांत मिळतात. घरी गेल्यावर ‘क्लबची कागदपत्रं आहेत का’ असं विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येतं, कारण ज्यांनी ठेवली ते बहुधा हयात नसतात आणि घरच्यांना ती क्लबची म्हणून माहीत नसतात. ‘माळ्यावर भाऊंची लोखंडी पेटी आहे का? लाल फडक्यात बांधलेलं काही? पितळी घंटा, निळं-सोनेरी कापडी निशाण?’ असं विचारायचं. घंटा सापडली की वही जवळपास असते. आणि हे सगळं दिवाळीच्या साफसफाईआधी करायचं. दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही, रद्दीवाला येऊन गेलेला असतो.

सापडलेला कागद लगेच उघडायचा नाही. आधी वाळवी आणि कसर पाहायची. पेटी अंगणात सावलीत उघडून दोन दिवस ठेवायची, उन्हात कधीही नाही. आमच्याकडच्या उन्हात जुना कागद तासाभरात पापडासारखा होतो. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशनं धूळ मधून कडेकडे झाडायची. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत, मागून टोकं सरळ करून काढायच्या. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो, पिवळा पडतो, पुढच्या पानाला चिकटतो आणि अक्षरं घेऊनच निघतो. लॅमिनेशनही नाही, ते पुन्हा सोडवता येत नाही. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ एवढं पुरतं. पुठ्ठ्याच्या बांधणीसाठी बाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते फक्त पुठ्ठ्याला ठीक. लिहिलेल्या पानावर मोरचूद नको.

मग फोटो. उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, फोन स्टँडवर, प्रत्येक पानाचा एक फोटो, कोरं पानसुद्धा. कोऱ्या पानाचा फोटो नसेल तर पुढे शंका राहते की एक पान सुटलं का. फाईलला नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानं द्यायचं म्हणजे संगणक आपोआप क्रम लावतो. दोन ठिकाणी प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले आणि त्यांच्यामागे त्यांचं दफ्तर सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव हिंडून, घराघरांतल्या माळ्यांवरून अस्सल कागद गोळा करायचा आणि मग बोलायचं, हा त्यांचा धडा खानदेशातल्या माणसाला वेगळा शिकवावा लागू नये. आमचं काम त्यापुढे फार लहान आहे, पण रीत तीच धरली: ज्याला कागद नाही ते ‘आठवण’ म्हणून छापायचं, ‘नोंद’ म्हणून नाही.

पहिला प्रश्न, क्लब सुरू कधी झाला? याची चार उत्तरं निघतात आणि चारही बरोबर असू शकतात. गावातल्या लोकांची पहिली बैठक, शेजारच्या मोठ्या क्लबच्या प्रतिनिधीसमोर झालेली संघटन-सभा, रोटरी इंटरनॅशनलनं क्लबला प्रवेश दिल्याची तारीख, आणि रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरांच्या हस्ते सनद मिळाल्याचा समारंभ. यातली तिसरी तारीख सनदेवर असते, तीच अधिकृत. पण गावात आठवण राहते ती चौथ्या दिवसाची, कारण त्या दिवशी मांडव होता, फोटो निघाले, जेवण झालं. वर्धापनदिन वर्षानुवर्षं चौथ्या तारखेला साजरा होतो आणि पत्रिकेत तो ‘स्थापना दिन’ म्हणून छापला जातो. आम्ही चारही तारखा एका चौकटीत, कागदाच्या उल्लेखासह दिल्या. सनद भिंतीवर फ्रेममध्ये असते. मागचा पुठ्ठा काढून पाहावा, फ्रेमवाल्यानं कडेला काही ओळी दाबलेल्या असतात.

दुसरी अडचण वर्षांची. रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. ‘१९६३ चे अध्यक्ष’ असं म्हटलं की दोन माणसं उभी राहतात. नेहमी १९६२-६३, १९६३-६४ असंच लिहावं. ट्रस्टचा हिशेब मात्र ३१ मार्चला बंद होतो, त्यामुळे एकाच अध्यक्षाच्या कामाचा खर्च दोन ताळेबंदांत पडतो. एका ताळेबंदावरून ‘त्या वर्षी काहीच काम झालं नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

तारीख खरी की खोटी, हे वारावरून तपासायचं. क्लबचा वार ठरलेला असल्याचा हा मोठा फायदा. वहीत ‘३-१-६२’ असं आहे. ३ जानेवारी १९६२ ला बुधवार होता आणि सभा तर गुरुवारी. ३ जानेवारी १९६३ ला मात्र गुरुवार येतो. नव्या वर्षाच्या पहिल्या सभेला सेक्रेटरींच्या हातून जुनंच साल लिहिलं गेलं, एवढंच. जानेवारीच्या नोंदींत ही चूक हमखास असते. वार जुळत नाही आणि सालही बदलून जुळत नाही, तर सभा खरंच दुसऱ्या दिवशी झाली असेल. सणावारामुळे, किंवा गव्हर्नरांच्या भेटीमुळे.

ज्या कागदावर तारीखच नाही, त्याचं वय छापील मजकुरावरून लागतं. पत्त्यात पिन कोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. ‘जि. पूर्व खानदेश’ असेल तर छपाई १९६० पर्यंतची. पावतीवर आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेली, ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधली. रोटरी डिस्ट्रिक्टचा, म्हणजे क्लबांच्या विभागाचा, आकडा तीन अंकी असेल तर जुना, चार अंकी ३०३० असेल तर अलीकडचा. नंदुरबार जिल्हा म्हणून उल्लेख असेल तर १ जुलै १९९८ नंतरचा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं, त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं २०१८ मध्ये. पण इथे एक नियम पक्का धरावा: छापलेली गोष्ट ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगते. पिन कोड नाही म्हणून कागद १९७२ च्या आधीचा ठरत नाही. आमच्या व्यापारी गावात छापलेलं लेटरहेड संपेपर्यंत वापरायची रीत होती. ‘पूर्व खानदेश’चं नाव बदलून वर्षं लोटली तरी त्याच कागदावर पत्रं गेलेली आहेत.

हिशेबाची पानं वेगळी अडवतात. खजिनदार अडत दुकानदार असला की क्लबचा खर्च आधी त्याच्या दुकानाच्या कीर्दीत पडायचा आणि तिथे तिथी आणि विक्रम संवत असायचा. गुजराती पेढीचा संवत कार्तिकात बदलतो: दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारी ते पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत २०१४ चा कार्तिक म्हणजे १९५७, त्याच संवताचा श्रावण म्हणजे १९५८. चैत्रात संवत बदलणारी पेढी असेल तर चैत्र ते आश्विन या महिन्यांत तिचा आकडा एकनं पुढे असतो. कोणती रीत आहे ते ओळखायला त्याच वहीतली इंग्रजी तारीख असलेली एखादी नोंद शोधावी, बँकेच्या चेकची किंवा रेल्वे पावतीची. ती एक सापडली की सगळी वही सरळ होते.

क्लबचा ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा आणि बदल अर्जांच्या नकला मागाव्यात. विश्वस्त कोण आले, कोण गेले, कधी, हे तिथे तारखेसह असतं. ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची आणि क्लबची सनद रोटरीची. दोन्ही संस्था वेगळ्या, हे लिहिताना विसरू नये.

सभासदांच्या पहिल्या यादीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. रोटरीत प्रत्येक सभासदाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय ‘वर्गीकरण’ म्हणून लिहायची पद्धत होती आणि मुळात एका व्यवसायाचा एकच सभासद घेत. त्यामुळे यादी वाचताना गावच वाचल्यासारखं होतं: जिनिंग, प्रेसिंग, तेलघाणा, डाळ मिल, सराफी, केळीची अडत, रेल्वे, वकिली, डॉक्टर, छापखाना, हायस्कूल. कोणते व्यवसाय नाहीत हेही पाहावं. पहिल्या यादीत शेतकरी म्हणून कोणी नाही, आणि आजूबाजूला सगळी काळी जमीन.

बायका तर कुठेच नाहीत. १९८९ मध्ये रोटरीच्या विधिमंडळानं जगभरातल्या क्लबांचं सभासदत्व स्त्रियांना खुलं केलं, तोवर ते पुरुषांपुरतंच होतं. पण शिबिरातला स्वयंपाक, बाळंतविड्यांचं वाटप, दुष्काळातल्या सुकडीची नोंद हे सगळं ज्यांनी केलं त्यांची नावं वहीत ‘सौ. अध्यक्ष’, ‘सौ. सेक्रेटरी’ अशी आहेत. ही नावं परत मिळवणं शक्य आहे. इनरव्हीलची शाखा असेल तर तिची वही वेगळी असते, तिच्यात पूर्ण नावं मिळतात. इनरव्हीलची सुरुवात १० जानेवारी १९२४ ला मँचेस्टरमध्ये झाली, तिचं काम रोटेरियनांच्या घरच्या स्त्रियांनी उभं केलं. शाखा नसेल तर शाळेच्या पारितोषिक समारंभाची पत्रिका, महिला मंडळाचं पावतीपुस्तक, आणि शेवटी घरची सून किंवा मुलगी. ‘सौ. सेक्रेटरी’च्या जागी पूर्ण नाव छापलं, त्या अंकाच्या प्रती आम्हाला दुसऱ्यांदा छापाव्या लागल्या.

ज्येष्ठांना भेटायला जाताना प्रश्नांची यादी न्यायची नाही, फोटो न्यायचा. फोटोच्या झेरॉक्सवर प्रत्येक चेहऱ्याला आकडा घालायचा आणि विचारायचं, ‘दादा, हा तीन नंबरचा कोण?’ नाव निघालं की पाठोपाठ गोष्ट निघते. मूळ फोटोच्या मागे बॉलपेननं लिहायचं नाही, पुढून उमटतं. मऊ शिसपेन, तेही कडेला. बोलणं रेकॉर्ड करावं आणि अहिराणीत किंवा लेवा बोलीत आलेलं वाक्य तसंच ठेवावं. प्रमाण मराठीत घातलं की त्यातला राग आणि माया दोन्ही जातात. दोन ज्येष्ठांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापाव्यात.

रोटरीचा मूळ इतिहास पत्रिकेत दर फेब्रुवारीत येतो आणि दरवर्षी थोडा बदलून येतो, म्हणून एक पक्का मजकूर करून ठेवला. २३ फेब्रुवारी १९०५, शिकागो, युनिटी बिल्डिंग, खोली ७११. वकील पॉल हॅरिस, आणि त्यांच्यासोबत तिघं: गुस्ताव्हस लोहर, सिल्व्हेस्टर शिएल, हायरम शोरी. खोली लोहर यांच्या कचेरीची. सभा आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. पहिलं मोठं सार्वजनिक काम शिकागोत स्वच्छतागृहं उभारण्याचं. भारतात पहिला क्लब कोलकात्याचा, १९१९, मुंबईचा १९२९. फोर-वे टेस्ट हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये लिहिली, ती रोटरीच्या स्थापनेपासून आहे असं अनेकदा छापलं जातं, ते चूक. पोलिओचं काम १९८५ पासून. भारतातला शेवटचा रुग्ण हावड्यातला, १३ जानेवारी २०११. देश पोलिओमुक्त जाहीर झाला २७ मार्च २०१४ ला. पोलिओच्या रविवारांच्या नोंदी आमच्या पत्रिकांत बऱ्या आहेत: बूथ, बर्फाच्या पेट्या, करंगळीला खूण केलेल्या मुलांची संख्या. राहिली ती वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं. त्यांच्यासाठी सोमवारी कोण गेलं, हे मात्र एकदाच लिहिलेलं सापडलं.

सगळ्यात मोठी पोकळी जुन्या काळात निघेल असं वाटलं होतं. निघाली ती अलीकडे. सायक्लोस्टाईलवर काढलेल्या पत्रिका पिवळ्या पडल्या, शाईचं तेल कडेनं पसरलं, पण वाचता येतात. नंतरच्या काळातल्या फ्लॉपीवर. फ्लॉपी उघडत नाही, उघडली तर पानं लावायचा पेजमेकर हा जुना प्रोग्राम नाही, तो मिळाला तर तो जुना फाँट नाही आणि ‘र्‍या’च्या जागी चौकोन. फाँट बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण रफार एक अक्षर पुढे सरकतो आणि जोडाक्षरं तुटतात. प्रत्येक ओळ छापील प्रतीशी ताडून पाहावी लागते, आणि छापील प्रत असेल तर मग टाईप करणंच लवकर होतं. फॅक्सचे कागद तर पूर्ण पांढरे झाले. ते उष्णतेवर उमटणारे कागद, आमच्या पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळेही टिकले नसतील. त्यानंतरची वर्षं फोनवरच्या गटात. फोटो आहेत हजारो, पण कोणत्या शाळेचा, कोणती मुलं, काही लिहिलेलं नाही, आणि ज्याचा फोन हरवला त्याच्याबरोबर एक अख्खं वर्ष गेलं. त्यामुळे आता दर गुरुवारचे फक्त चार फोटो निवडतो, प्रत्येकाखाली नावं डावीकडून उजवीकडे, तारीख आणि जागा, आणि ते छापील अंकातच घेतो.

पहिली, दुसरी आणि चौथी वही हातात आहे. तिसरी नाही. दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘पुढील इतिवृत्त नवीन रजिस्टरात’ अशी ओळ आहे, चौथीच्या पहिल्या पानावर मागच्या सभेचं इतिवृत्त कायम केल्याची. मधली सव्वाचार वर्षं. त्या काळात तीन सेक्रेटरी झाले. दोघांच्या घरी जाऊन आलो. तिसऱ्यांचं कुटुंब सुरतेला गेलं आणि घर विकलं, पण विकताना सामान ट्रकनं गेलं की इथल्या भाच्याकडे उतरवलं, यावर दोन सांगण्या आहेत. भाच्याच्या घराला माळा आहे. दिवाळीला अजून सात आठवडे आहेत. या रविवारी तिकडे जातो आहोत, ब्रश आणि रिकामी बॉक्स फाईल घेऊन.